तलावकाठची रिसॉर्ट मोटारींमुळे आली?

अमेरिकेतली तलावकाठची उन्हाळी रिसॉर्ट मोटारगाड्यांमुळे सुरू झाली, असा एक मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ह्युरॉन सरोवरातल्या मॅकिनॅक बेटावरचं ग्रँड हॉटेल १८८७ साली उघडलं; फोर्डची मॉडेल टी, म्हणजे सामान्यांना परवडणारी मोटार, आली १९०८ मध्ये. हॉटेलामागे पैसा होता रेल्वे आणि आगबोट कंपन्यांचा. गिऱ्हाईक त्यांनीच आणायचं, मुक्कामाला ठेवायचंही त्यांनीच! गंमत म्हणजे त्या बेटावर मोटारींना १८९८ पासून बंदीच आहे.

हंगाम उन्हाळ्यापुरता का, याचंही कारण साधं. हिवाळ्यात सरोवर गोठलं की आगबोटी बंद. शिवाय अशी बरीच लाकडी हॉटेलं थंडीसाठी बांधलेलीच नव्हती. नळ फुटू नयेत म्हणून हंगाम संपताच पाणी काढून टाकावं लागे.