चूक टिकवून ठेवायची असेल तर

ऐरोली, रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटात राउटरच्या फर्मवेअरवर, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरवर, काम करत बसणाऱ्या मंडळींसाठी हा सल्ला. वायफायच्या 802.11 मानकाच्या मसुद्यात तुम्हाला चूक सापडली आहे आणि ती कुणी सुधारू नये अशी तुमची मनापासून इच्छा आहे. काळजी नको, सोय होईल.

मसुदा समितीत मतदानाला येतो तेव्हा आक्षेप कॉमेंट म्हणून एका स्प्रेडशीटमध्ये भरून पाठवायचे असतात. सगळं कौशल्य त्या स्प्रेडशीटमध्ये आहे. तिथे पान, ओळ, कलम, आक्षेप आणि प्रस्तावित बदल असे रकाने असतात. पानाचा नंबर पीडीएफच्या वरच्या पट्टीत दिसतो तोच टाका, पानावर छापलेला बघूच नका. सुरुवातीच्या रोमन आकड्यांच्या पानांमुळे दोन्हींत चांगलं अंतर पडतं. समासात ओळींचे नंबर छापलेले असतात, तिकडेही दुर्लक्ष करा. आक्षेपात लिहा, "नीट कळत नाही." प्रस्तावित बदलात लिहा, "स्पष्ट करा." कोणते शब्द घातले म्हणजे तुमचं समाधान होईल हेच सांगितलं नाहीत, की समिती तेवढ्या एका कारणावर कॉमेंट नामंजूर करू शकते. चुकून जरी "या ओळीतला 'मे' काढून 'शॅल' घाला" असं लिहून बसलात, तर ऐच्छिक गोष्ट सक्तीची व्हायला फारसा वेळ लागणार नाही. जपून.

पहिलं मतदान साधारण महिनाभर खुलं असतं, तेव्हा गप्प राहा. फेरमतदान आलं की मगच जागे व्हा. त्यात बदललेला मजकूर, त्या बदलाची झळ लागलेला मजकूर आणि न मिटलेले आक्षेप एवढंच चर्चेला येतं, त्यामुळे तुमची जुनी चूक आपोआप कक्षेबाहेर. मुदत अमेरिकेच्या ईस्टर्न वेळेनुसार रात्री 11.59 ला संपते, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी 9.29, हिवाळ्यात 10.29. फाइल नेमकी तेव्हाच चढवायला घ्या, ठाण्याच्या दहा नंबरवरून पनवेल गाडीत चढता चढता.

राउटरच्या कोडमध्ये टीप देताना मानकाच्या कलमाचा नंबर लिहा, पण वर्ष लिहू नका. फ्रेमची, म्हणजे वायफायवरून जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाची, रचना मानकाच्या 2007 च्या आवृत्तीत 7 व्या कलमात होती, 2012 ला 8 व्यात गेली, 2016 ला 9 व्यात. "कलम 8 प्रमाणे" एवढीच टीप ठेवलीत की तुमच्या जागी येणारा पोरगा 2020 ची 4,379 पानं उलटत बसेल. मूळ मानकात भर घालणाऱ्या सुधारणापत्रकांचा क्रमही पाहू नका. प्रत्येक पत्रक मूळ ग्रंथ अधिक आधी मंजूर होणारी पत्रकं धरून लिहिलेलं असतं. "अमुक ओळीनंतर घाला" हा आदेश जुन्या तक्त्यावर चालवला की ओळ भलत्याच जागी बसते. नवीन एलिमेंटला, म्हणजे फ्रेममधल्या माहितीच्या तुकड्याला, क्रमांकही मनानेच द्या. क्रमांक वाटपाची रीतसर व्यवस्था आहे, पण विचारत कोण बसणार? दुसऱ्याला तोच मिळाला, तर एकाच बीकनचे, म्हणजे राउटर आपली ओळख सांगायला सतत सोडतो त्या फ्रेमचे, दोघे दोन अर्थ लावतील.

आणि राखीव बिट, म्हणजे पुढच्या वापरासाठी फ्रेममध्ये मोकळे ठेवलेले बिट! पाठवणाऱ्याने ते शून्य ठेवावेत आणि घेणाऱ्याने त्यांच्याकडे पाहू नये, असा साधा नियम आहे. तुम्ही मात्र कडक तपासणी लावा, शून्य नसेल तर फ्रेम फेका. आज काही बिघडत नाही, टेस्टिंगमध्ये सगळं हिरवंगार. पुढे एखादं सुधारणापत्रक तोच बिट वापरायला काढतं, आणि घोडबंदर रोडच्या सोसायटीत नवा फोन घेतलेल्या प्रत्येकाचं वायफाय बंद पडतं. जुने फोन मजेत चालू, म्हणजे दोष उघडच फोनचा. तक्रार आली की आधी फोन बंद करून चालू करायला सांगा, मग राउटर, आणि तरीही नाही जमलं तर सोसायटीच्या वायरमनला बोलवायला सांगा.