आत्या अजून जिवंत आहे

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर बारशाची पत्रिका पडली. येत्या रविवारी, साताऱ्याला, वहिनीच्या माहेरी. खाली मावशीचा मेसेज : 'कुर्रर्र करायला आपली सोनू आहेच!' त्यावर सतरा जणांचे अंगठे. सोनू म्हणजे आमची मामेबहीण. पिंट्याची सख्खी बहीण मी. म्हणजे त्या पोरीची सख्खी आत्या जगात एकच आहे, आणि तिला हे ग्रुपवरून कळतंय.

आईला फोन लावला. "अगं, तुझी ओढाताण नको म्हणून ठरवलं." कोणी ठरवलं? "सगळ्यांनीच." या सगळ्यांत मी कशी नसते?

नव्याने जोडल्या गेलेल्यांसाठी सांगते, मला ल्युपस आहे. नऊ वर्षं झाली. शरीराची पहारेकरी फौज स्वतःच्याच घरावर दगड मारत सुटते, तो आजार. सांधे, कातडी, किडनी, फुप्फुसाचं आवरण, तिला काहीही चालतं. दहातल्या नऊ रुग्ण बायका असतात. ऊन लागलं तरी आजार उसळू शकतो, आणि आपल्याकडची लग्नं मे महिन्यात, दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर. लोक मला गुळवेलीचा काढा पाठवतात, प्रतिकारशक्ती वाढव म्हणून. अहो, तीच तर डोक्यावर बसलीय! भाच्यांना मात्र सेलेना गोमेझलाही हाच आजार आहे म्हटल्यावर एकदम आदर वाटायला लागला.

तर पिंट्याचं लग्न. मे 2023. मी करवली. पैठणी घेतलेली, फॉल-पिको झालेलं, ब्लाऊज दोनदा उसवून सैल केलेला, कारण स्टेरॉइडने मी फुगलेले. हळदीच्या रात्री ताप चढला आणि श्वास घेतला की छातीत सुरी फिरल्यासारखं व्हायला लागलं. सकाळी सहाला सगळे गाड्यांत बसून साताऱ्याला गेले आणि मी पुण्यात खोलीत पडून. सोबतीला शेजारच्या काकू. लग्न व्हिडिओ कॉलवर पाहिलं, म्हणजे कार्यालयाचा पंखा आणि कुणाच्या तरी फेट्याचा शेमला पाहिला. 'सावधान' दोन-दोनदा ऐकू येत होतं, नेटवर्क अडखळत होतं म्हणून.

त्याचं काही नाही. खरंच नाही. ते आजाराने नेलं, आजाराशी माझं भांडण चालूच असतं.

रात्री नऊला वरात घरी आली. मी जागी होते. ताप उतरला होता. दारापासून माझी खोली पाच पावलांवर. बहिणीने दार अडवायचं आणि 'तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का' म्हणायचं, याची मी आणि पिंट्याने लहानपणी खेळात कितीदा तालीम केलेली. मी उठून बसले, केस नीट केले, वाट बघत राहिले. कोणीतरी हाक मारेल म्हणून. मग बाहेर सोनूचा आवाज आला, हशा झाला, माप लवंडलं, तांदूळ फरशीवर पसरल्याचा आवाज आला. झालं.

का नाही हाक मारली? तुला कशाला उठवायचं म्हणून.

हेच ते. लोकांना वाटतं आमच्यासारख्यांचे समारंभ आजार हुकवतो. निम्मे तो हुकवतो. उरलेले काळजीवाले हुकवतात. तुम्ही परस्पर ठरवता आणि वर त्याला माया म्हणता.

हो, माझीही चूक आहे. दोनदा 'येते' म्हणून ऐन वेळी टांग दिलीय, एकदा तर एका डोहाळजेवणात चक्कर येऊन पडले आणि कार्यक्रमाचा विचका केला. आईने ते पाहिलंय, ती घाबरणारच. बरं, मान्य. पण म्हणून विचारायचंही नाही?

2020 मध्ये करोनावर चालते या आशेने लोकांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन भराभर उचललं होतं ना, ती माझी रोजची गोळी. मेडिकलवाला म्हणाला, स्टॉक नाही. चार दुकानं पालथी घालून पिंट्याने दोन स्ट्रिपा आणल्या, मास्कमधून घामाघूम होऊन. हे लिहिताना आठवलं आणि जरा राग उतरला. मावशी, तुम्हीही त्याच वेळी तुमच्या गल्लीतल्या दुकानात विचारून आला होतात. विसरले नाहीये.

पण लग्नाच्या रात्रीचं पुढचं सांगायचं राहिलं. अकरा वाजता पिंट्या खोलीत आला. हातात सोडलेल्या मुंडावळ्या, शेरवानीवर कुंकवाचा डाग. कॉटच्या कडेला बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, तू दार का नाही अडवलंस? रागावलीस का माझ्यावर?"

त्याला वाटलं होतं मलाच यायचं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी माझ्या दाराच्या फटीत तांदळाचे पाच-सहा दाणे सापडले. काकूंनी झाडून घेतले.

आणि आता त्याला मुलगी झालीय. कबूल तर सोनूला करून बसलाय. सोनू, तुझ्यावर राग नाही गं, तुला सांगितलं ते तू केलंस. पण रविवारी बाजूला हो.

मी येतेय. ऊन चढायच्या आत खंबाटकी ओलांडायची, म्हणून पहाटे निघणार. मागच्या सीटवर उशा, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन, गोळ्यांचा डबा. सर्दी-ताप असला तर बाळाजवळ फिरकणार नाही, तेवढी अक्कल आहे मला. आणि शनिवारी रात्री शरीराने दगा दिलाच, तर पिंट्या, फोन स्पीकरवर टाकून पाळण्यात धर. आवाज बारीक ठेव, पोरगी दचकेल. नाव आधी मला सांगून ठेव. कुर्रर्र मीच करणार.

पाठीत धपाटे घालणाऱ्या समस्त बायकांना विनंती, जरा हळू. उजवा खांदा दुखतोय, डावा चालेल.