फॅन डायरेक्ट ठेवायचा की स्विचवर? एका जुन्या मिस्त्रींना उत्तर

मिस्त्री, नमस्कार. नावाच्या जागी तुम्ही 'एक जुना मिस्त्री' एवढंच लिहिलंय, म्हणून मीही तुम्हाला मिस्त्रीच म्हणतो.

कार्बोरेटरवाल्या मारुती 800 च्या रेडिएटरचा डायरेक्ट केलेला, म्हणजे गाडी चालू असेपर्यंत सतत फिरणारा फॅन मी थर्मो स्विच (पाणी ठराविक अंशांपर्यंत तापलं की फॅन लावणारा स्विच) आणि रिलेवर (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घेतला, त्या लेखावर तुम्ही माझी चांगली हजेरी घेतलीत. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्विच कधी दगा देईल सांगता येत नाही, डायरेक्ट फॅन देत नाही, हा तुमचा मुख्य मुद्दा. 95 अंशांचा स्विच म्हणजे पाणी उकळायची वाट बघत बसणं, हा दुसरा. थर्मोस्टॅट वॉल्व्ह (पाणी तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) अडकला तर इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होजमधल्या, म्हणजे रबरी पाइपमधल्या स्विचला पत्ताही लागणार नाही, हा तिसरा. आणि जाता जाता 'घाटात गाडी न घातलेल्या माणसाचं पुस्तकी ज्ञान' असा एक टोला. टोला सोडून देतो, बाकीच्याला उत्तर देतो.

95 पासून सुरू करतो, कारण ही भीती फक्त तुमची नाही. पाणी 100 ला उकळतं हे उघड्या पातेल्याचं गणित झालं. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरच्या आसपास, ते पातेल्यात 95 लाच उकळतं, म्हणजे तिथे तर तुमचं म्हणणं आणखीच खरं वाटेल. पण रेडिएटर हे पातेलं नाही. त्याच्या झाकणावर 0.9 हा दाबाचा आकडा लिहिलेला असतो, तो उगाच नाही. तेवढा दाब आत धरला की साधं पाणीसुद्धा समुद्रसपाटीला 118 च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला 115 च्या पुढे. निम्मं कूलंट घातलेलं असेल तर अजून वर. तेव्हा फॅन 95 ला लागणं म्हणजे उशीर नाही, हाताशी बरीच जागा असते. ही जागा खाऊन टाकतं ते झाकणाचं म्हातारं झालेलं रबर. गाडी गरम होते म्हणून फॅन डायरेक्ट करून घेतलेल्या गाड्यांची झाकणं कोणी तपासलेली असतात का, तुम्हीच सांगा. दाब धरत नसलेलं झाकण तसंच ठेवून फॅनच्या मागे लागायचं, हे मी अनेक गॅरेजांत पाहिलंय.

"वॉल्व्ह 82 ला उघडतो, मग फॅनही 82 लाच लागायला हवा" असंही तुम्ही लिहिलंय. ऐकायला हे बरोबर वाटतं, पण करून बघा. वॉल्व्हचं काम इंजिनातलं पाणी 82 च्या खाली न जाऊ देणं. वरच्या होजमधून येतं ते इंजिनातून निघालेलं गरम पाणी, म्हणजे गाडी एकदा तापली की तिथे कायम 82 किंवा त्याहून जास्तच असणार. तिथे 82 चा स्विच बसवला की तो एकदा लागला, तो गाडी बंद करेपर्यंत सुटणार नाही. मग तो डायरेक्ट फॅनच झाला, फक्त मधे एक महागडा स्विच आला. स्विचवर दोन आकडे असतात, 95/90 असे. पहिल्याला लागतो, दुसऱ्याला सुटतो. सुटण्याचा आकडा वॉल्व्ह उघडण्याच्या आकड्यापेक्षा बऱ्यापैकी वर हवा, एवढं एक सूत्र पाळलं की वरच्या होजचं काम जमतं.

रेडिएटरच्या खालच्या टाकीत मात्र हिशेब वेगळा. तिथे पोहोचेपर्यंत पाण्यानं आपली उष्णता रेडिएटरला देऊन टाकलेली असते. तिथे 95 चा स्विच लावला तर मी तुमच्याच बाजूला येऊन उभा राहीन, कारण खालचं पाणी 95 होईपर्यंत वर भलतंच काही झालेलं असेल. खाली 88/83 किंवा त्याच्याही आतला स्विच लागतो. दुकानात जाऊन नुसतं "फॅनचा स्विच द्या" म्हणणाऱ्यांची इथेच फसगत होते. स्विच कुठे बसणार ते ठरल्याशिवाय किती अंशांचा ते ठरत नाही.

वॉल्व्ह अडकण्याचा मुद्दा तुम्ही नेमका काढलात, आणि तो खरा आहे. वॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला तर वरच्या होजमध्ये गरम पाणी येणारच नाही, स्विच गार राहील, फॅन लागणार नाही. पण त्या क्षणी तुमचा डायरेक्ट फॅन काय करत असेल? थंड रेडिएटरवर वारा घालत असेल. पाणी रेडिएटरपर्यंत येतच नाही, तर वारा कितीही मारा, इंजिनाला त्याचा उपयोग शून्य. पाणी गळून गेलेल्या गाडीचंही तेच. वॉल्व्ह अडकल्यावर ड्रायव्हरला वाचवतो तो डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा, फॅन नाही. आणि डायरेक्ट फॅनचा आवाज सतत कानात असला की काट्याकडे बघायची सवय सुटते, हे माझं निरीक्षण. तुमचं वेगळं असू शकेल.

आता मुख्य भांडण. स्विच दगा देतो हे मी नाकारत नाही. पण तो का जातो? छोट्या गाडीच्या फॅनची मोटर साधारण 80 ते 120 वॉटची धरली, तर चालताना सहा ते नऊ अँपिअर ओढते, आणि उभ्यापासून फिरायला लागताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. जुन्या छोट्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत हा सगळा करंट त्या बोटभर स्विचमधून जायचा. आतल्या पॉइंटवर दर वेळी ठिणगी, दर वेळी थोडा थोडा जळका थर. एक दिवस पॉइंट चिकटतो नाहीतर जोडतच नाही. मग गाडी तुमच्याकडे येते, तुम्ही दोन वायरी एकत्र करून देता, आणि स्विचच्या नावानं खडे फोडले जातात. स्विचवर त्याच्या ताकदीबाहेरचं ओझं टाकलं होतं, एवढंच.

रिले घातला की हे ओझं जातं. रिलेच्या कॉइलला लागतो अर्ध्या अँपिअरच्याही खूप आतला करंट, साधारण 150 ते 200 मिलिअँपिअर. तेवढ्यानं स्विचच्या पॉइंटला काही होत नाही. जोडणी अशी: बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघाल्या निघाल्या 15 अँपिअरचा फ्यूज, तिथून 2.5 चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या 30 नंबरच्या पिनला, 87 वरून फॅनला. 86 ला इग्निशनचा सप्लाय, 85 वरून थर्मो स्विचला आणि स्विचमधून गाडीच्या बॉडीला, म्हणजे निगेटिव्हला. फ्यूज बॅटरीजवळच हवा, रिलेजवळ नाही, कारण मधली वायर कुठे घासून बॉडीला लागली तर तिला वाचवणारं दुसरं काही नसतं.

आणि आता जे तुमच्या नजरेतून सुटलंय असं वाटतं ते सांगतो. थर्मो स्विचला समांतर एक साधा बटण-स्विच डॅशबोर्डवर काढलाय. तो दाबला की 85 सरळ बॉडीला जोडला जातो आणि फॅन लागतो, थर्मो स्विच जिवंत असो की मेलेला. 87 वरून एक बारीक दिवा काढलाय, त्याला त्याचा छोटा फ्यूज आहे. दिवा पेटला की रिलेनं फॅनला सप्लाय दिला हे बसल्या जागी कळतं. म्हणजे तुमचा डायरेक्ट फॅन माझ्याही गाडीत आहे. वाई-पाचगणी रस्त्यावरच्या पसरणी घाटाच्या पायथ्याला मी स्वतःच ते बटण दाबतो, कारण दुसऱ्या गिअरमध्ये वीस-पंचवीसच्या वेगानं चढताना समोरून वारा मिळत नाही आणि इंजिनावर ओढ पूर्ण असते. तिथे फॅन दोन मिनिटं आधी लागलेला बराच. हायवेला पन्नासच्या पुढे मात्र समोरचा वाराच पुरतो. तिथे फॅन फिरवत ठेवण्यात मोटर झिजण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

"डायरेक्ट फॅन दगा देत नाही" हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात आणि ते फिरण्याच्या तासांवर झिजतात. थोडा वेळ फिरायची मोटर पूर्ण वेळ फिरवली की ती त्या मानानं लवकर बसणार, आणि ती बसते सिग्नलला, मे महिन्यात. शिवाय डायरेक्ट करताना सप्लाय कुठून घेतात? बहुतेक ठिकाणी इग्निशनच्या लाइनवरून, मिळेल त्या वायरनं. मग चावीच्या आतले पॉइंट तापतात आणि फॅनपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचत नाही. गॅरेजमध्ये अशी गाडी आली तर इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर आधी बॅटरीवर लावा, मग फॅनच्या दोन टोकांना. मधे दीड-दोन व्होल्ट गायब दिसले तर तो फॅन फिरतोय खरा, पण हवी तेवढी हवा ओढत नाहीये. डायरेक्टच करायचा असेल तरी रिले आणि फ्यूज घालून करा. माझी निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

एका बाबतीत मात्र मी अजिबात मागे हटणार नाही. "वॉल्व्ह तर मी काढूनच टाकतो, कटकट मिटते." मिस्त्री, हे नका करू. वॉल्व्ह जागेवर आणि चांगला असेल तर डायरेक्ट फॅननं इंजिन फार गार पडत नाही, हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं, कारण गार पाणी वॉल्व्ह अडवतो. वॉल्व्ह काढला आणि वर फॅन सतत, की डिसेंबरच्या पहाटे घाट उतरताना काटा जागचा हलत नाही. कार्बोरेटरच्या गाडीला मग चोक ओढून ठेवावा लागतो, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय जमते. गिऱ्हाईक म्हणतं ॲव्हरेज पडलं, आपण कार्बोरेटर साफ करून देतो, आणि इंजिन आतून झिजतच राहतं. बंद अडकलेला वॉल्व्ह रस्त्यात काढून गाडी घरी आणणं वेगळं. घरी आल्यावर नवा बसलाच पाहिजे.

वरच्या होजमध्ये स्विच बसवायला मधे घालतात त्या टी-अडॅप्टरनं गळती वाढते म्हणालात. दोन क्लिप वाढल्या, तेवढी शक्यता वाढली, कबूल. चांगल्या क्लिपा वापरा आणि गाडी पूर्ण तापून गार झाल्यावर पुन्हा एकदा आवळा. पण अडॅप्टरची खरी गंमत अर्थिंगमध्ये आहे. तो दोन्ही बाजूंनी रबरी होजमध्ये बसतो, म्हणजे बॉडीपासून तुटलेला. एका पिनाचा स्विच असेल तर अडॅप्टरपासून बॉडीला वेगळी अर्थ वायर काढावीच लागते. काही जण गळू नये म्हणून स्विचच्या चुडीवर (आट्यांवर) टेफ्लॉन टेप गुंडाळतात, मग स्विचची बॉडी आणि अडॅप्टर यांचाही संपर्क बिघडू शकतो. टेप नको, तांब्याचा वॉशर घाला. 'नवीन स्विच खराब निघाला' म्हणून परत नेलेल्या किती स्विचांचं दुखणं हे असेल कोण जाणे. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर आणि मल्टिमीटर लावून स्विच तपासून घ्या. पुण्यात पाणी 98 च्या आसपास उकळतं, त्यामुळे 95 चा स्विच जेमतेम तपासता येतो, त्याच्या वरचा नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरवर चालणारं पेट्रोल इंजेक्शन असलेली) गाडी फॅन डायरेक्ट करून आली आहे, तिला असाच स्विच बसवावा का? नको. अशा बहुतेक गाड्यांत पाण्याच्या सेन्सरवरून ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) रिले चालवतो, वेगळा थर्मो स्विच घालून त्याच्या कामात दुसरा मालक आणू नका. स्कॅनर लावून पाण्याचं तापमान आणि कोड बघा, फॅनचा रिले बदलून बघा, सेन्सरचा कनेक्टर उघडून पिनांवर हिरवा गंज आहे का पाहा, आणि मग आधीच्या माणसानं मारलेली डायरेक्टची वायर काढून मूळ वायरिंग जोडा. एसी लावल्यावर फॅन आपोआप लागतोय का, तेही गिऱ्हाइकाच्या हाती चावी देण्याआधी बघून घ्या.