‘बेवुल्फ’ म्हणजे सुडाचा पोवाडा?

जुन्या इंग्रजी वीरकाव्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘अँग्लो-सॅक्सनांचा, म्हणजे त्या काळच्या इंग्रजांचा, धर्म एकच, रक्ताला रक्त. कुळ सगळ्यांच्या वर, आणि कवी सुडाचे गोडवे गाणार.’ ‘बेवुल्फ’च्या ३१८२ ओळी वाचल्या तर यातलं फारसं काही उरत नाही.

रक्ताला रक्त? खून पडला की ‘वेरगिल्ड’, म्हणजे मेलेल्याची ठरलेली किंमत, भरून वैर मिटवता येई. दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याच्या कायद्यात साध्या कुळवाड्याचे २०० शिलिंग, सरदाराचे १२००. खुद्द काव्याचा नायक बेवुल्फ याच्या बापानं केलेल्या खुनाचं प्रकरण डेन राजा ह्रोथगारनं पैसे मोजून निस्तरलं होतं. आणि ह्रोथगारच्या वाड्यावर हल्ले करणाऱ्या ग्रेंडेल या राक्षसाबद्दल कवीची एक तक्रार कोणती? की हा भरपाई द्यायला तयार नाही! तडजोड नाकारतो तो राक्षस.

कुळ सगळ्यांच्या वर? काव्यातल्या स्वीडनच्या राजाचं, ओनेलाचं बघा. त्याच्या बंडखोर पुतण्याला त्याच्याच बाजूच्या वेओहस्तान या योद्ध्यानं मारलं, तर ओनेलानं पुतण्याची तलवार-चिलखत मारेकऱ्यालाच देऊन टाकलं, वैराचं नावही काढलं नाही. काका-पुतण्या हे प्रकरण मराठी वाचकाला वेगळं समजावायला नको.

आता गोडवे. बेवुल्फ ह्रोथगारला म्हणतो खरा, की रडत बसण्यापेक्षा मित्राचा सूड घेतलेला बरा. हेच वाक्य जो तो उचलतो. पण त्या प्रसंगात बेवुल्फनं मारलेल्या मुलासाठी, रक्ताच्या नात्यापायी सूड उगवायला आलेली असते ग्रेंडेलची आई, हे कुणी सांगत नाही.

शिवाय काव्यातल्या एका उपकथेतली हिल्डेबुर्ह. डेनांची लेक, उत्तर समुद्राकाठच्या फ्रिजियनांचा राजा फिन याला दिलेली. सासर-माहेरच्या लढाईत तिचा भाऊ ह्नेफ पडला, मुलगाही पडला. मामाच्याच चितेवर भाच्याला ठेवा, असं ती सांगते आणि शोकगीत गाते. कवी नजर वळवत नाही: डोकी वितळतात, जखमा फुटून रक्त उसळतं, आग दोन्हीकडच्यांना गिळते. तह त्याआधीच झालेला असतो, शपथाही झालेल्या असतात. पण ह्नेफचा सरदार हेंगेस्ट हिवाळाभर फिनकडेच अडकून पडतो, मनात वैर धुमसत राहतं. बर्फ वितळतं आणि फिन मारला जातो. डेन लोक वाड्यातली लूट गलबतात भरतात, आणि तिच्यासोबत हिल्डेबुर्हला माहेरी घेऊन जातात.