उपराष्ट्रपती उरलेली मुदत पुरी करत नाहीत

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: राष्ट्रपतिपद मध्येच रिकामं झालं, तर उपराष्ट्रपती उरलेल्या मुदतीसाठी राष्ट्रपती होतात. साफ चूक. ही पद्धत अमेरिकेची.

आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम 65 प्रमाणे उपराष्ट्रपती फक्त नवे राष्ट्रपती येईपर्यंत कारभार पाहतात. गावात सरपंचपद रिकामं झालं की उपसरपंच गाडा हाकतात ना, तसंच. निवडणूक सहा महिन्यांच्या आत घ्यावीच लागते आणि निवडून येणाऱ्याला पूर्ण पाच वर्षं मिळतात, उरलीसुरली नव्हे.

मे 1969 मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं निधन झालं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कारभार पाहू लागले, पण त्यांना राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची होती. जुलैत त्यांनी राजीनामा दिला आणि दोन्ही पदं रिकामी! मग सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी महिनाभर कारभार सांभाळला. 1977 मध्ये उपराष्ट्रपती बी. डी. जत्तीही असेच तात्पुरते होते.

या काळात उपराष्ट्रपतींना राष्ट्रपतींचे सगळे अधिकार असतात, पगारही तोच. राज्यसभेचं सभापतिपद मात्र तेवढ्यापुरतं बाजूला ठेवावं लागतं, आणि एरवी त्यांचं मुख्य काम तेच.