आधी सांगा, पुरलं कुठे?

तर तुम्ही शनिवारी रात्री 'लँडस्केपर्स' ही इंग्रजी मालिका लावणार आहात. लावा लावा, २०२१ ची आहे, चारच एपिसोड, रविवारच्या मिसळीच्या आत संपते. फक्त थोडी तयारी करून बसा, नाहीतर आमच्या शेजारच्या काकांसारखं होईल, चित्र मधेच ब्लॅक अँड व्हाइट झालं म्हणून त्यांनी टीव्हीचं सेटिंग तीनदा बदललं आणि मग केबलवाल्याला झापलं.

पहिलं म्हणजे गोष्ट आधीच वाचून घ्या, म्हणजे बाकीच्यांना सांगून त्यांचा विचका करता येतो. इंग्लंडमधलं मॅन्सफील्ड, १९९८ चा मे महिना, सुसान आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स हे नवरा-बायको. सुसानच्या आईवडिलांना गोळ्या घातल्या आणि त्यांच्याच घरामागच्या बागेत पुरलं. पुढची पंधरा वर्षं म्हाताऱ्यांची पेन्शन यांच्या खिशात, आणि नातेवाइकांना म्हाताऱ्यांच्या नावाने ख्रिसमस कार्डं. दोन लाख पौंडांहून जास्त पैसा गेला कशात, तर गॅरी कूपर या नटाच्या सह्या आणि जुन्या हॉलीवूडच्या वस्तूंमध्ये! इथे जोरात हसून घ्या. (आपल्या माळ्यावरचे जुन्या नाटकांच्या तिकिटांचे डबे ही वेगळी गोष्ट आहे, तो संग्रह असतो.)

आता दिग्दर्शन. विल शार्प नावाच्या माणसाने केलंय आणि त्याकडे शक्यतो दुर्लक्ष करायचं. चौकशीच्या खोलीतून पोलीस आणि आरोपी चालत चालत सरळ त्या जुन्या घराच्या बेडरूममध्ये शिरतात, भिंती सेटच्या आहेत हे लपवतसुद्धा नाहीत, मधेच सगळं घोडे-बंदुकवाल्या वेस्टर्नमध्ये जातं. अशा वेळी "हे काय चाललंय, बजेट संपलं का?" असं म्हणायचं. तमाशात नटाने रंगमंचावर एक गिरकी मारली की मथुरा येते हे तुम्ही लहानपणापासून बघताय, १९७२ ला इथेच पुण्यात भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' नाटकामध्ये माणसांची भिंत उभी राहिली हे दर गणपतीत पाहुण्यांना ऐकवताय, पण ते वेगळं. ती आपली भिंत. यांची असली की मात्र "काहीतरी उगाच".

घरात फिल्म अ‍ॅप्रिसिएशनचा कोर्स केलेला एखादा भाचा असतोच, तो "बघा, ती बाई जे सिनेमात बघते त्यातच राहते, म्हणून तिची कहाणी पण सिनेमासारखी दिसते" असं काहीतरी बोलायला लागेल. त्याला लगेच बाकरवडी आणायला उठवा. मुद्दा बरोबर आहे त्याचा, म्हणूनच उठवायचं.

ऑलिव्हिया कोलमन सुसान झालीये, डेव्हिड थ्यूलिस ख्रिस्तोफर. लेखक एड सिंक्लेअर हा कोलमनबाईंचा खराखुरा नवरा, ही माहिती सोफ्यावर भाव खायला उत्तम. कोर्टात एक गोष्ट बाहेर आली होती की सुसान नवऱ्याला वर्षानुवर्षं जेरार देपार्द्यू या फ्रेंच नटाच्या नावाने पत्रं लिहायची, आणि तो बिचारा समजायचा की आपला मोठा मित्र आहे. इथे घशाशी काहीतरी आल्यासारखं होतं, तेव्हा पटकन मोबाइल काढून 'नक्की किती वर्षांची शिक्षा' सर्च करा. २०१४ ला जन्मठेप, किमान २५ वर्षं. झालं, बरं वाटेल.

पकडले कसे गेले हे मात्र पेन्शनर मंडळींना जरूर दाखवा. वडील कागदोपत्री शंभरीला आले, तेव्हा सरकारी खात्याला त्यांना भेटायचं होतं. हे दोघं पळाले फ्रान्सला, लील शहरात, पैसे संपले आणि शेवटी आपणहून ट्रेनने परत आले. इथे तुमच्यातलं कोणीतरी छाती काढून म्हणणारच, "आमच्याकडे दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो, इथे हे चाललंच नसतं." म्हणू द्या. बँकेत दोन तास लाइनीत उभं राहून, अंगठ्याचा ठसा मशीन घेत नाही म्हणून चार वेळा हात पुसून मिळवलेला अभिमान आहे तो.

एकच काळजी घ्या. आमच्याकडे शेवटच्या एपिसोडला आजी जागी होती. इतका वेळ गप्प होती, घोडे आले तरी काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, पण त्या दोघा म्हाताऱ्यांना पंधरा वर्षांत कोणी फोन पण केला नाही का रे?" तुमच्याकडे असं कोणी विचारलं तर रिमोट घ्या आणि आवाज वाढवा. आम्ही तेच केलं.