हालअपेष्टांचे नियोजन

आपण स्वतंत्र दिग्दर्शक होण्याचे ठरवले असेल, आणि त्यातही स्वतः लिहिलेल्या पटकथेवर स्वतःच चित्रपट करण्याचे ठरवले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन, आणि लगोलग एक सूचना : पटकथेला हात घालण्याची घाई करू नये. आधी आपल्या हालअपेष्टा निश्चित कराव्यात. आपला चित्रपट पाहणारे थोडे असतील, पण तो कोणत्या अवस्थेत केला हे ऐकणारे पुष्कळ भेटतील. मुलाखत घेणाऱ्याचा पहिला प्रश्न कथेविषयी नसतो, पैसे कोठून उभे केले याविषयी असतो. तेव्हा उत्तर आधीपासून तयार असलेले बरे.

या बाबतीत आपली परंपरा थोर आहे. दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठले. पुढे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला, शिवाय फिल्मच्या पट्टीला भोके पाडण्याचे कामही केले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावात कोरोनेशनला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. फाळके १९४४ साली नाशिकला हलाखीत गेले आणि १९६९ पासून त्यांच्या नावाने सरकारी पुरस्कार सुरू झाला. मधल्या पंचवीस वर्षांना विलंब म्हणू नये. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला तेवढा वेळ लागतोच. गोरेगावच्या चित्रनगरीलाही आता त्यांचेच नाव आहे. तिथे चित्रीकरण करायचे तर भाडे भरावे लागते आणि ते आपल्याला परवडणार नाही, म्हणून आपण डोंबिवलीच्या मामांचे घर वापरावे.

मामांविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण मराठी स्वतंत्र चित्रपटाचा खरा अर्थपुरवठा तेथूनच होतो. मामा नुकतेच निवृत्त झालेले असावेत, त्यांच्या फंडाची रक्कम मुदत ठेवीत असावी आणि तरुणपणी त्यांनी एकांकिका स्पर्धेत एखादी भूमिका केलेली असावी. या तिसऱ्या गोष्टीवर विशेष भर द्यावा. त्यांना पोस्टमनची दोन वाक्यांची भूमिका देऊ केली की ठेव मोडते, असा अनुभव आहे. आईच्या पाटल्यांना शक्यतो शेवटीच हात लावावा. मुलाखतीत त्या फार शोभून दिसतात, पण एकदाच गहाण ठेवता येतात. घरातली जी व्यक्ती पंचवीस माणसांचे जेवण करील, तिचे नाव ‘विशेष आभार’ या सदरात, दूध डेअरीच्या आधी घालावे. सरस्वतीबाईंपासून चालत आलेल्या या खात्याला वेतन देण्याची प्रथा नाही.

यानंतर वर्सोव्याला आरामनगरात जाऊन बसावे. या वसाहतीच्या नावातच आराम आहे, हे तिथे ऑडिशनच्या रांगेत चार तास उभे राहिल्यावर नीट कळते. निर्मात्याकडे कथा ‘नॅरेट’ करायची असते. वाचायला देणे हा अपमान समजला जातो, कारण त्यामुळे निर्मात्याला वाचावे लागते. आपण परळच्या चाळीतल्या, गिरणी बंद पडल्यावर पोळीभाजीचे डबे करून घर चालवणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगत असाल, तर ते डोळे मिटून ऐकतील, मधून दोन फोन घेतील आणि शेवटी विचारतील की हिरो कोण आहे. म्हातारीच, असे उत्तर देऊ नये. पटकथा मात्र लेखकांच्या संघटनेत रीतसर नोंदवून घ्यावी, म्हणजे पुढेमागे तीच म्हातारी एखाद्या वेब सीरिजमध्ये, वयाने तीस वर्षांनी लहान होऊन भेटली, तर आपल्याजवळ निदान पावती असते. कायद्याचेही थोडे ज्ञान असावे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहाबाहेरच्या वापराबद्दल लेखकाला स्वामित्वधनाचा वाटा मिळतो आणि तो हक्क निर्मात्याला लिहूनही देता येत नाही. ही माहिती बैठकीत उच्चारू नये, वातावरण बिघडते. अखेर कोणीच निर्माता न मिळाल्याने आपण स्वतःच निर्माते व्हाल, तेव्हा हे स्वामित्वधन आपल्याला आपणच देणे लागाल, आणि ते थकवणारेही आपणच असाल.

चित्रीकरणाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. कॅमेऱ्याचे भाडे दिवसावर असते, त्यामुळे कला सूर्यास्ताच्या आत आटोपावी लागते. लाइटवाले, स्पॉटदादा, जनरेटरवाला आणि टेम्पोवाला यांचे पैसे रोजच्या रोज चुकते करावेत. संपूर्ण युनिटात ज्याला थांबायला सांगता येते असा एकच मनुष्य असतो, आणि त्याच्या या सोशिकपणालाच आपल्याकडे स्वातंत्र्य म्हणतात.

सेन्सॉरची धास्ती बाळगू नये. चौकटीत बैल आला तर प्राणिकल्याण मंडळाचा कागद हवा, म्हातारीने बिडी ओढली तर पडद्यावर इशारा हवा, इतके सांभाळले की पुष्कळसे काम होते. एखादा संवाद कापण्यावरून मतभेद झालाच, तर पूर्वी त्यासाठी वेगळे अपील न्यायाधिकरण होते. २०२१ साली ते बरखास्त करून आपली मधली पायरी वाचवण्यात आली आहे, आता थेट उच्च न्यायालयात जाता येते, आणि ते चर्चगेट स्थानकापासून चालत जाण्यासारखे असल्याने टॅक्सीचाही खर्च नाही.

चित्रपट तयार झाला तरी तो लगेच मराठी माणसाला दाखवण्याचा अविचार करू नये. ‘कोर्ट’ या मराठी चित्रपटाला २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात दोन पुरस्कार मिळाले आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये तो इथल्या चित्रपटगृहांत आला. हा क्रम पाठ करावा : आधी व्हेनिस, मग वसई. युरोपातल्या परीक्षकांनी आपली चाळ ओळखल्याशिवाय ती चाळीतल्यांना ओळखू येत नाही. अर्थात मोठा मान मिळाला म्हणजे खर्च संपला, असेही नाही. ‘श्वास’ने ‘श्यामची आई’नंतर प्रथमच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीत आणला, आणि तोच चित्रपट २००४ साली ऑस्करसाठी पाठवायचा ठरला तेव्हा प्रचाराच्या खर्चाकरिता लोकवर्गणी जमवावी लागली. यश मिळाल्यावरही हात पसरण्याची सवय मोडू नये म्हणून केलेली ही तजवीज असावी.

आता प्रदर्शन. प्रोजेक्टर चित्रपटगृहात बसवलेला असला तरी त्यावर आपला चित्रपट दाखवण्याबद्दल व्हीपीएफ (व्हर्च्युअल प्रिंट फी) नावाची रक्कम आपणच भरावयाची असते. हॉटेलात जेवायला गेल्यावर चुलीची वर्गणी देण्यासारखेच हे आहे, फक्त इथे जेवण शिजवून आणलेलेही आपणच असते. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा संप होऊन वाटणी ठरली : पहिल्या आठवड्यात निर्मात्याकडे ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यात ३०. आपल्याला चौथ्या आठवड्याची चिंता करण्याचे कारण नाही. मराठी चित्रपटाला प्राइम टाइम मिळावा म्हणून सरकारने २०१५ साली संध्याकाळी ६ ते ९ ही वेळ जाहीर केली, आणि त्यावर ओरड होताच दुपारी १२ ते रात्री ९ हा संपूर्ण काळ प्राइम टाइम ठरवून सर्वांचे समाधान केले. त्यामुळे मंगळवारी भर दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी लागलेला आपला खेळ हा प्राइम टाइमचाच असतो. तिकीट काढलेल्या चौघांपैकी दोघे आपले मित्र आहेत, आणि पुरेसा प्रेक्षक नाही या सबबीवर खेळ रद्द झाला, तर उरलेल्या दोघांना आपण चहा पाजावा. ते आपले चाहते आहेत. इतके जवळून त्यांना पाहण्याचा योग मोठ्या दिग्दर्शकांना येत नाही.

अनुदानाचा मार्ग अर्थात खुला आहे. अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख असा हिशेब वर्षानुवर्षे चालत आला, परंतु हे पैसे चित्रपट पुरा होऊन प्रदर्शित झाल्यावर, समितीने पाहिल्यावर आणि कागद जुळल्यावर येतात. म्हणजे पोहता येते हे सिद्ध झाल्यावर दोर टाकला जातो.

एवढे सर्व पार पडले की आपली मुलाखत छापून येईल. तीत पाटल्या असतील, मोडलेली ठेव असेल, चित्रीकरणाच्या जागेसाठी चाळीत घातलेल्या खेपा असतील, आणि जागेअभावी चित्रपटाचे नाव एकदाच असेल. मग लोक विचारतील की पुढचा चित्रपट कोणता. या वेळी मात्र मामांचे घर फुकट मिळेल अशा भ्रमात राहू नये. आपला चित्रपट पाहून एका मालिकेवाल्यांनी ते घर हेरले असून मामा आता दिवसाचे भाडे घेतात, पंख्याचे आणि गॅलरीचे वेगळे लावतात. साऱ्या प्रकल्पात फायद्यात राहिलेले ते एकटेच. भाचा म्हणून आपल्याला सवलत मिळेल, असे त्यांनी कळवले आहे. आगाऊ रक्कम मात्र सोमवारपर्यंत द्यावी, कारण मंगळवारपासून तिथे मालिकेच्या लग्नाचा मांडव पडणार आहे.